बेहेरेबाईंची पहिल्या नंबरची ढाल

मंदाकिनी बेहेरे यांच्या हातून एखादी वस्तू सुटणं ही सोपी गोष्ट नव्हती. भोसरीच्या एका कारखान्यात त्यांनी उभी नोकरी स्टोअरमध्ये काढली. जुना पाना आणून दाखवल्याशिवाय नवा पाना नाही, झिजलेला हातमोजा टेबलावर ठेवल्याशिवाय नवा हातमोजा नाही. आणि आणून दाखवला तरी बाई तो उजेडात धरायच्या, उलटासुलटा बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून दिवाळीपर्यंत सहज जाईल." कामगार आपसांत म्हणायचे, तप केलं तर देव प्रसन्न होईल, पण बेहेरेबाई नवा पाना द्यायच्या नाहीत. बाईंच्या कानावर हे यायचं आणि त्यांना ते प्रशस्तिपत्रकच वाटायचं. स्टोअर भरलेलं असलं की त्यांना शांत झोप लागे.

अशी बाई निवृत्त झाल्यावर विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बसून राक्षसांशी लढायला लागली, आणि त्यालाही कारण हाच स्वभाव.

मुलगा शुभंकर जर्मनीला गेला तेव्हा टीव्हीला जोडायचं त्याचं गेमचं यंत्र घरीच राहिलं. एवढी महागाची वस्तू नुसती पडून राहिली तर बिघडणार, हे बाईंना स्पष्ट दिसत होतं. न वापरलेल्या स्कूटरला लोक आठवड्यातून एकदा किक मारून ठेवतात, तशा त्या दर रविवारी पूजा आटोपली की यंत्र सुरू करायच्या, पाच मिनिटं चालू द्यायच्या आणि बंद करायच्या. पहिले काही रविवार त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग एकदा पाहिलं. हिरव्यागार माळावर चिलखत घातलेला एक माणूस नुसता उभा होता. मधूनच खांदे उडवत होता, मधूनच आभाळाकडे बघत होता.

"बिचाऱ्याला किती वेळ ताटकळत ठेवायचं," असं म्हणून बाईंनी रिमोट उचलला आणि त्याला जरा चालवलं. तो सरळ तळ्यात गेला आणि बुडाला.

"गेला का?" पेपरमागून बापूरावांनी विचारलं. बापूराव म्हणजे बाईंचे यजमान. ते दिवसाकाठी मोजकीच वाक्यं बोलत, आणि त्यांतलं एकही सरळ नसे.

"गेला," बाई म्हणाल्या.

"सुतक किती दिवसांचं धरायचं?"

पण सुतकाची वेळच आली नाही. तो माणूस क्षणात तळ्याकाठी पुन्हा उभा राहिला. तोच तो, तसाच कोरडा, आणि कमरेची तलवार, पाठीवरची पिशवी, सगळं सामान जागच्या जागी. माणूस बुडाला तरी सामान हरवत नाही, असं जग बाईंनी पहिल्यांदाच पाहिलं. ते त्यांना फारच पसंत पडलं.

त्यानंतर आठवड्यातून एकदाचं रोज झालं, आणि पाच मिनिटांची दुपार झाली. समोरच्या फ्लॅटमधल्या शहजादीभाभी एकदा कढीपत्ता मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. पडद्यावर बाईंना तीन कोल्हे चावत होते.

"मंदाताई, मागं बघा, मागं!" भाभी ओरडल्या. मग चपला काढून आत आल्या, सोफ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "दुसरा रिमोट आहे का?"

भाभींनी निम्म्या विश्रांतवाडीचे ब्लाउज शिवले होते. यजमान अल्लाबक्षभाई गेल्यापासून त्या एकट्या राहत. कापडाला कात्री लावताना हात थरथरला की कापड गेलं, हे त्यांचं एकच तत्त्वज्ञान, आणि ते त्या सगळीकडे लावत. खेळात त्यांनी धनुर्धारी बाई निवडली. बाण मिळाला की सोडला. एकदा एका पेटीत सोन्याचा बाण सापडला. बाई तो डोळे भरून बघताहेत तोवर भाभी तो झाडावरच्या कावळ्यावर मारून मोकळ्या झाल्या.

"भाभी! सोन्याचा होता हो तो!"

"मग? कावळा पडला की नाही?"

दोघींची वाटणी आपोआप ठरली. बाई ढाल घेऊन पुढं, भाभी मागून बाण मारणार. जेवणाची भांडी विसळून झाली की भाभी येत, चहाच्या वेळेपर्यंत दोन-चार राक्षस गारद होत, आणि बापूराव विचारत, "आज कोणाचा नंबर लागला?"

पण बाईंचा खरा जीव राक्षसांत नव्हता, तो ढालींत होता. या खेळात प्रत्येकाला राहायला एक दगडी घर मिळतं आणि त्या घरात एका भिंतीला खुंट्या असतात. त्या खुंट्या पाहिल्या आणि बाईंना त्यांचं स्टोअर परत मिळालं. वाटेत सापडेल ती ढाल त्या घरी आणत, तपासत आणि गुणवत्तेप्रमाणे खुंटीवर चढवत. सर्वांत चांगली वरच्या खुंटीला, त्याखाली दुसरी, असं करत सुमार माल तळाला.

तपासणीची पद्धत पक्की होती. गावाबाहेर एक तापट रानडुक्कर होतं. ढाल घेऊन त्याच्यासमोर उभं राहायचं आणि त्याला धडका मारू द्यायच्या. ढाल किती मागं सरकते, मूठ हातात फिरते का, पावसात घसरते का, मागच्या माणसापर्यंत हादरा जातो का, हे बघायचं. डुकराला मारायचं मात्र नाही, कारण मग उद्याच्या ढालीला डुक्कर कुठून आणणार?

"ते डुक्कर एक दिवस राजीनामा देईल," बापूराव म्हणाले.

तांब्याची एक गोल ढाल दिसायला देखणी होती, पण पहिल्याच धडकेला हातातून सटकली. तिचं नाव पडलं ताम्हन, आणि ते तळाच्या खुंटीला गेलं. एक ढाल माणसाएवढी उंच होती. तिच्यातून काही म्हणजे काही आत येत नसे, पण बाहेरचं काही दिसतही नसे. ती घेऊन बाई एकदा आख्खी लढाई भिंतीकडे तोंड करून लढल्या. तिला फ्लॅटचं दार म्हणत. सिंहाच्या तोंडाची एक ढाल मधूनमधून आग ओकायची. भाभींना ती अतोनात आवडली. बाईंनी मात्र तिला मधली खुंटी दिली.

"का हो? आग ओकतेय ती!" भाभी म्हणाल्या.

"ढालीचं काम अडवायचं. आग ओकायची हौस असेल तर ढाल कशाला व्हायचं?"

"मंदाताई, तुम्ही शाळेत परीक्षक असायला हव्या होत्या. पोरं रडत घरी गेली असती."

कासवाच्या पाठीची ढाल पावसात घसरत नसे, म्हणून तिला बढती मिळाली. काट्यांची ढाल, जिला त्या फणस म्हणत, ती चांगली होती, पण वळताना भाभींना टोचायची, म्हणून एक खुंटी खाली आली. भाभी या निकालांवर रोज अपील करत आणि बाई ते रोज फेटाळत. दोघींचा आवाज इतका चढे की खालच्या मजल्यावरून एकदा चौकशी झाली, काही भांडणतंटा आहे का. "आहे," बापूरावांनी सांगितलं, "पण शस्त्रं घरातल्या घरात आहेत."

आणि मग हिवाळ्यात ती ढाल मिळाली. बर्फाच्या खिंडीपलीकडे एक आंधळी म्हातारी लोहारीण होती. तिची हरवलेली बकरी शोधून आणली तर ती एक ढाल देते. दोघींनी त्या बकरीमागं अख्खा आठवडा घालवला. ढाल दिसायला साधी, निळसर काळी, नक्षी नाही, आग नाही. पण डुकरानं धडक मारली तरी ढाल केसभरही हलली नाही. उलट तिच्या कडेतून निळा उजेड पसरला आणि मागं उभ्या असलेल्या भाभींच्याही डोक्यावर छत्रीसारखा आला. एकाच ढालीत दोघी झाकल्या गेल्या.

"या अल्ला," भाभी म्हणाल्या. "ही पहिली. यावर अपील नाही."

बाईंनी ती ढाल सर्वांत वरच्या खुंटीला लावली, दोन पावलं मागं जाऊन पाहिली, आणि मग हातात फळकुटाची, दोरीनं बांधलेली, मध्ये तडा गेलेली ढाल घेतली. खेळातल्या पहिल्याच गावात फुकट मिळालेली.

"हे काय?" भाभींनी विचारलं.

"अहो, ती चांगली आहे. तडे गेले तर दुरुस्त होत नाही, म्हातारीनं सांगितलं ना? रोजच्याला हीच बरी."

आता यात बेहेरेबाईंनी काही आक्रीत केलं असं कोणी समजू नये. ज्या घरांत चांगला टी-सेट काचेच्या कपाटात असतो आणि रोजचा चहा कान तुटलेल्या कपातून होतो, ज्या घरांत नव्या चादरी पाहुण्यांची वाट बघत जुन्या होतात, त्या सगळ्या घरांत त्या दिवशी हीच ढाल खुंटीला लागली असती. बाईंच्या भिंतीवर तर हे पहिल्यापासूनच चाललं होतं. ढाल जितकी चांगली, तितकी तिची खुंटी वर, आणि एकदा वर गेली की ती खाली येत नसे. राक्षसांसमोर कायम तळाचा माल जाई.

तोवर ते चालून गेलं. मग दोन गोष्टी एकदम झाल्या.

पहिली म्हणजे दोघी शेवटच्या राक्षसापर्यंत पोचल्या. मोठ्या किल्ल्यात तो बसलेला असे आणि अंगणातल्या हिरवळीवर पाऊल पडलं रे पडलं की गरजत बाहेर येई. सोसायटीच्या चेअरमनवरून दोघींनी एकमुखानं त्याचं नाव चेअरमन ठेवलं. तो हातोडा मारी तो बाई कशाबशा अडवत, पण मग तो दगड भिरकावी. दगड फळकुटाच्या ढालीवरून जाई आणि मागच्या भाभी आडव्या होत. भाभी पडल्या की बाण संपले, आणि बाण संपले की सगळंच संपलं. दहा दिवस हे असंच चाललं होतं.

दुसरी गोष्ट फैझलच्या फोननं झाली. भाभींच्या या मुलानं हैदराबादला घर घेतलं होतं आणि आता अम्मीला एकटं ठेवायचं नाही असं त्याच्या मनानं घेतलं होतं. येत्या शनिवारी तो सामान न्यायला येणार होता.

ही बातमी भाभींनी चहाच्या कपात बघत सांगितली. बाई म्हणाल्या, "छान झालं. नातवंडं आहेत तिथं." मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

त्या बाहेर आल्यावर भाभी म्हणाल्या, "एक करू. मी जायच्या आत चेअरमनला पाडायचं. हे अर्धं टाकून मी जाणार नाही. शिवायला घेतलेलं कापड मी कधी अर्धं परत केलेलं नाही."

"पाडायचं," बाई म्हणाल्या.

सोमवारी भाभी मेल्या. मंगळवारी तीनदा मेल्या. बुधवारी दगड इतका नेमका आला की बापूरावांनीसुद्धा पेपर खाली करून "अरेरे" म्हटलं. भाभींनी रिमोट मांडीवर ठेवला.

"मंदाताई, ती ढाल काढा."

"काढू ना. शनिवारी काढू."

"शनिवारी?"

"शेवटचा दिवस आहे. तेव्हा काढायचीच, मी ठरवलंय. उगाच आज तडे गेले आणि शनिवारी ऐन वेळी फुटली तर?"

"शनिवारी माझ्या घरात खोकी असतील, फैझल असेल, टेम्पोवाला खालून हॉर्न मारत असेल. कोण खेळतंय शनिवारी?" भाभी आता पुरत्या बाईंकडे वळून बसल्या होत्या. "कोणासाठी ठेवलीय हो ती? सांगा मला. कोण येणार आहे तुमच्याकडे? माझ्यामागं या घरात त्या ढालीखाली दुसरं कोण उभं राहणार आहे?"

एरवी "अजून दिवाळीपर्यंत जाईल" हे वाक्य त्यांच्या जिभेवर तयार असे, पण भाभींच्या बाबतीत तेही खरं नव्हतं. त्यांनी बापूरावांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" बापूराव म्हणाले. "स्टोअर तुमचं. पण पार्टी जुना पाना घेऊन तुमच्यासमोर बसलीय, एवढं मला दिसतंय."

बाईंनी रिमोट उचलला. पडद्यावरचा माणूस घरात गेला, भिंतीपाशी उभा राहिला, वरच्या खुंटीकडे त्यानं हात केला. बटण दाबताना बाईंचा अंगठा क्षणभर अडला. मग दाबलं.

हिरवळीवर पाऊल पडलं आणि चेअरमन गरजत बाहेर आला. पहिला हातोडा ढालीवर बसला तेव्हा बाई कळवळल्या. कडेला केसाएवढी रेघ उमटली आणि ती त्यांना आपल्याच अंगावर उमटल्यासारखी वाटली. "गेली हो, रेघ गेली," त्या म्हणाल्या.

"जाऊ द्या! दगड आला बघा!"

दगड आला. निळा उजेड पसरला, दोघींच्या डोक्यावर त्याचं छत झालं, आणि दगड त्यावर आपटून फुटला. त्याच्या खाली भाभी जिवंत! गेल्या दहा दिवसांत त्या पहिल्यांदाच दगडानंतर उभ्या होत्या. भाभींनी अशी काही किंकाळी मारली की रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. सटासट बाण सुटले. दुसरा हातोडा, दुसरी रेघ. तिसरी, चौथी. आणि बाईंच्या लक्षात आलं की आपण रेघा मोजायच्या सोडल्यात. प्रत्येक तड्याबरोबर आतून काहीतरी मोकळं होत होतं, गुदगुल्या केल्यासारखं. त्या सोफ्यावरून उठल्या होत्या. पदर खोचलेला, केसांतली पिन निघून आलेली.

"मार! अजून मार!" त्या चेअरमनला म्हणाल्या. "एवढंच येतं का तुला? मेंटेनन्स घेतोस ना? मग मार की नीट!"

"उजवीकडे!" हे बापूराव ओरडले. त्यांचा पेपर जमिनीवर होता आणि त्यावर ते स्वतः उभे होते. "अहो, उजवीकडे घ्या, त्याचा डावा पाय लंगडतोय!"

बाईंनी उजवीकडे घेतलं. शेवटचा हातोडा दोन्ही हातांनी आला. ढालीतून काचेसारखा आवाज झाला, निळा उजेड एकदम लखलखला, आणि पहिल्या नंबरच्या ढालीचे तुकडे हिरवळीवर विखुरले. चेअरमन गुडघ्यावर आला होता, पण पडला नव्हता. बाईंच्या हातात काही नव्हतं.

"भाभी, बाण!"

"संपले!"

"सगळे?"

"मी कधी ठेवते का?"

आणि शहजादीभाभींची ती धनुर्धारी, जिनं आख्ख्या खेळात बाईंच्या मागून एक पाऊल पुढं टाकलं नव्हतं, ती तुकड्यांवरून धावत गेली आणि धनुष्यानंच चेअरमनच्या लंगड्या पायावर, धोपाटण्यानं कपडे बडवावेत तशी, बडवत सुटली. एक, दोन, आणि तो एवढा मोठा देह कडाडत आडवा झाला. पडद्यावर फुलं पडायला लागली.

घरात काय झालं ते नीट सांगता येणार नाही. बाई आणि भाभी एकमेकींना धरून नाचत होत्या, भाभींची ओढणी पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये अडकली होती, बापूराव टाळ्या वाजवत होते आणि आपण टाळ्या वाजवतोय हे कळल्यावर हात मागं बांधून उभे राहिले. बाई हसत होत्या. खूप हसत होत्या. हसता हसता त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि खांदे हलतच राहिले, पण आवाज बदलला.

"ढालीसाठी?" भाभींनी हळूच विचारलं.

बाईंनी मान हलवली. नाही.

"जिंकलात ना? मग रडारड कसली?" बापूराव म्हणाले. आज त्यांचं वाक्य सरळ होतं.

"जिंकलो ना," बाई पदराआडून म्हणाल्या. "आता उद्या भाभी कशाला येतील?"

ही भीती ढाल खुंटीला लावली तेव्हापासून पोटात होती, आणि ती ढालीची भीती आहे असं त्या समजत होत्या. आता ती बाहेर पडली. भाभींचेही डोळे भरले. त्यांनी ओढणी सोडवली, नाक पुसलं, आणि सोफ्यावर धप्पकन बसल्या.

"तुमचा शुभंकर असतो तिथं आत्ता किती वाजलेत?" त्यांनी विचारलं.

"सकाळ असेल. का?"

"त्याला फोन लावा. विचारा, हैदराबादच्या टीव्हीवरून विश्रांतवाडीच्या टीव्हीत खेळता येतं का म्हणावं. फैझलला मी सांगते, असलंच यंत्र आण. नसेल आणायचं तर अम्मी येत नाही म्हणून सांगते."

बापूरावांनी आधीच मोबाइल काढला होता. शुभंकर म्हणाला, येतं की. मग म्हणाला, पण तुम्ही खेळता? पण तोवर भाभींनी पडद्यावर "नवा खेळ" शोधून दाबलं होतं आणि सगळं पुसलं गेलं होतं. घर नाही, खुंट्या नाहीत, एकही ढाल नाही. त्याच माळावर दोघी रिकाम्या हातांनी उभ्या होत्या.

"चला, मंदाताई. शनिवारपर्यंत खिंडीजवळ तरी पोचू."

बाईंनी डोळे पुसून रिमोट घेतला. पहिल्याच वळणावर एक बदक अंगावर आलं आणि त्यानं दोघींना लोळवलं. भाभी हसून हसून सोफ्यावर आडव्या झाल्या. फोनवर शुभंकर विचारत होता, "हॅलो, बाबा? आई रडतेय का हसतेय?" आणि बापूराव म्हणाले, "थांब जरा, मलाही बघू दे."